ढेकरातला मिथेन: जनावरांच्या चाऱ्यात काही मिसळून तो खरंच कमी होतो का?

२०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ब्रिटनमधले व्हिडिओ सगळीकडे फिरत होते, लोक दुधाचे कॅन उघडून सरळ सिंकमध्ये ओततायत, कोणी टॉयलेटमध्ये ओततंय. कारण काय, तर आर्ला नावाच्या डेअरी कंपनीने जाहीर केलं होतं की साधारण ३० फार्मवर गाईंच्या चाऱ्यात बोव्हेअर नावाची पावडर मिसळून बघणार, त्याने गाईंमधून बाहेर पडणारा, हवामान तापवणारा मिथेन वायू कमी होतो म्हणून. झालं, लगेच कॅन्सर होतो, नपुंसकत्व येतं, बिल गेट्सचा हात आहे, काय काय सुरू झालं. गेट्स यांचे पैसे आहेत ते रुमिनेट नावाच्या वेगळ्याच कंपनीत, बोव्हेअर बनवते डीएसएम-फर्मेनिख, पण तेवढं बघायला कोणाला वेळ नव्हता.

या गोंधळात मूळ विषय बाजूला पडला याचं मला वाईट वाटतं, कारण विषय खरंच महत्त्वाचा आहे. आणि सगळी चर्चा दुधाच्या गाईंवर झाली, मांसासाठी पाळतात त्या जनावरांबद्दल, ज्यांना बीफ कॅटल म्हणतात, फारसं कोणी बोललंच नाही. अवघड पेपर तर तोच आहे. म्हणून पहिल्यापासून लिहितोय, केमिस्ट्री येत नसेल तरी अडणार नाही.

आधी पोटात काय चालतं ते बघू

गाय गवत खाते, पण गवत पचवायची ताकद तिच्या स्वतःच्या शरीरात नाही. गवतातला सेल्युलोज फोडणारे एन्झाइम ना आपल्याकडे आहेत ना तिच्याकडे. तिच्याकडे आहे ते कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला आणि सगळ्यात मोठा कप्पा. मोठ्या जनावरात हा कप्पा शंभर-दीडशे लिटरचा असतो, आत साधारण ३९ अंश तापमान, हवा नाही, आणि अब्जावधी सूक्ष्मजीव. बाहेरचं गोबर गॅसचं टाकं डोळ्यासमोर आणा, काम जवळपास तसंच चालतं. सूक्ष्मजीव गवत आंबवतात, त्यातून जी आम्लं तयार होतात ती गाय शोषून घेते आणि त्यावर जगते. आपल्याला वाटतं गाय गवतावर जगते, खरं म्हणजे ती गवत आंबवणाऱ्यांच्या उरलेल्यावर जगते.

आता या आंबवण्यात हायड्रोजन सुटतो. चुलीतून धूर निघावा तसा. धूर कोंडला की चूल नीट पेटत नाही, तसं हायड्रोजन साठला की आंबवणं मंदावतं. म्हणून तिथे एक धुराडं लागतं, आणि ते धुराडं म्हणजे आर्किया नावाचे अतिशय जुन्या घराण्यातले सूक्ष्मजीव. ते हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेतात आणि त्याचा मिथेन बनवतात. हा मिथेन गाय बाहेर टाकते, आणि बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरातून. मागच्या बाजूने बाहेर पडणारा भाग अगदी थोडा, साधारण पाच टक्के. लोक हा विषय काढला की हसतात आणि तिथेच सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. मिथेन म्हणजे इंधन. म्हणजे जनावराने खाल्लेल्या चाऱ्यातली ऊर्जाच ढेकरातून उडून जाते, चाऱ्यावर अवलंबून २ ते १२ टक्के.

एवढ्याशा ढेकराने हवामानाचं काय बिघडतं?

एक मोठं बीफ जनावर वर्षाला साधारण ७० ते १२० किलो मिथेन सोडतं. जगात गाय-बैल मिळून दीडशे कोटींच्या आसपास. मिथेन उष्णता धरून ठेवण्यात भारी आहे, १०० वर्षांचा हिशोब केला तर कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट आणि २० वर्षांचा केला तर ८० पटींहून जास्त. कार्बन डायऑक्साइड पातळ चादर धरली तर मिथेन गोधडी आहे.

पण ही गोधडी टिकत नाही, साधारण १२ वर्षांत हवेतून विरून जाते. कार्बन डायऑक्साइड मात्र शेकडो वर्षं मागे लागतो. म्हणूनच शास्त्रज्ञ मिथेनच्या मागे लागलेत, आज कमी केला तर परिणाम आपल्या हयातीत दिसेल. २०२१ ला ग्लासगोच्या परिषदेत मिथेन २०३० पर्यंत ३० टक्के कमी करायचा जो ठराव झाला, त्यामागे हाच विचार. आणि माणसाच्या कामांमुळे जो मिथेन हवेत जातो त्यातला साधारण एक तृतीयांश पाळीव जनावरांचा आहे, शेण धरून.

चाऱ्यात मिसळतात तरी काय?

दोन नावं सगळ्यात जास्त ऐकू येतात.

पहिलं थ्री-एनओपी, बोव्हेअर पावडरमधला मुख्य घटक हाच. आर्किया मिथेन बनवताना शेवटच्या टप्प्याला एक एन्झाइम वापरतात. थ्री-एनओपीचा रेणू दिसायला त्या एन्झाइमच्या नेहमीच्या गिऱ्हाइकासारखा, म्हणून तो बरोबर त्याच जागी जाऊन बसतो आणि काम थांबतं. धुराड्याच्या तोंडाशी नेमक्या मापाचा बोळा बसावा तसं. लागतं किती, तर दुधाच्या गाईला दिवसाला पाव चमचा पावडर. आणि काही तासांत त्याचे कोटीपोटातच साधे तुकडे होतात, म्हणजे बोळा आपोआप विरघळतो. हे चांगलंही आहे आणि अडचणीचंही, का ते पुढे येईलच. कंपनी दुधाच्या गाईत सरासरी ३० टक्के आणि बीफ जनावरांत ४५ टक्के घट सांगते. चाऱ्यात धान्य जास्त असेल तर परिणाम जास्त, गवत-कडब्यासारखा तंतुमय भाग जास्त असेल तर परिणाम कमी.

दुसरं म्हणजे लाल समुद्री शेवाळ, अॅस्परागॉप्सिस. याची गोष्ट मला फार आवडते. कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवर जो डॉर्गन नावाच्या शेतकऱ्याच्या लक्षात आलं की त्याच्या ज्या गाई किनाऱ्यावर वाहून आलेलं शेवाळ खातात त्यांची तब्येत जास्त चांगली असते. त्याने ते विकायचं ठरवलं, पण त्यासाठी टेस्टिंग लागतं, म्हणून रॉब किनली नावाच्या शास्त्रज्ञाकडे गेला. किनलींना तपासताना दिसलं की मिथेनपण कमी होतोय. पुढे ते ऑस्ट्रेलियात गेले, तिथे टाउन्सव्हिलला वीसेक जातींची शेवाळं प्रयोगशाळेत तपासली गेली, आणि त्यात अॅस्परागॉप्सिसने मिथेन जवळजवळ शून्यावर आणला. त्यातलं मुख्य काम करतं ब्रोमोफॉर्म नावाचं रसायन, तेही मिथेन बनण्याच्या शेवटच्या टप्प्यांवरच बोळा घालतं.

बाकीचे उपाय पटकन सांगतो. चाऱ्यात तेल किंवा तेलबिया वाढवल्या तर मिथेन कमी होतो, पण फॅट एका मर्यादेपलीकडे गेलं की पचनच बिघडतं. नायट्रेट दिलं तर ते हायड्रोजनला दुसरी खिडकी उघडून देतं, पण डोस चुकला किंवा सवय न लावता एकदम दिलं तर जनावराच्या रक्ताची ऑक्सिजन वाहायची क्षमता जाते आणि जनावर दगावू शकतं. टॅनिन म्हणजे झाडापाल्यातले तुरट पदार्थ आहेत, धने-लवंगेसारख्या तेलांची मिश्रणं आहेत, त्यांचा परिणाम छोटा आणि कधी दिसतो कधी नाही.

ढेकर मोजतात कसा?

हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. एक जुनी पद्धत म्हणजे जनावराला काचेच्या किंवा पारदर्शक खोलीत ठेवायचं आणि आत जाणारी-बाहेर येणारी सगळी हवा मोजायची. आकडा अचूक मिळतो, पण जनावर एकटं, कोंडलेलं, नेहमीसारखं वागत नाही, खातही नाही.

दुसरी पद्धत जास्त मजेशीर आहे. ग्रीनफीड नावाचं मशीन असतं, फीडलॉटमध्ये (म्हणजे जनावरांना एका जागी ठेवून खुराक देतात त्या आवारात) किंवा थेट कुरणात ट्रेलरवर उभं करतात. जनावर त्याच्या खोबणीत डोकं घालतं, कानातल्या टॅगवरून मशीन ओळखतं की हा कोण, आणि थोड्या थोड्या वेळाने खुराकाच्या मूठभर गोळ्या खाली सोडतं. गोळ्यांच्या आशेने जनावर तीन-चार मिनिटं तिथेच तोंड घालून उभं राहतं, तोपर्यंत आतला पंखा त्याच्या नाकातोंडाभोवतीची हवा खेचून घेतो. रवंथ करणाऱ्या जनावराचा ढेकर दर मिनिटा-दोन मिनिटाला येतोच, त्यामुळे तेवढ्या वेळात दोन-तीन ढेकर सापडतात. असं दिवसातून काही वेळा, कित्येक आठवडे केलं की एका जनावराचा सरासरी आकडा मिळतो. म्हणजे तुम्ही बातमीत "८० टक्के घट" वाचता त्यामागे असं कोणीतरी महिनोन्महिने डोकं खुपसायला येणाऱ्या जनावरांची वाट बघत बसलेलं असतं.

मग आकडे काय सांगतात?

ऑस्ट्रेलियात किनली आणि सहकाऱ्यांनी २०२० ला फीडलॉटमधल्या गोऱ्ह्यांवर केलेल्या प्रयोगात अॅस्परागॉप्सिसने ९८ टक्क्यांपर्यंत घट दाखवली, आणि चाऱ्यात त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात एर्मियास केब्रियाब यांच्या टीमने २१ गोऱ्ह्यांवर जवळपास पाच महिने प्रयोग केला, २०२१ ला छापला, तिथे घट ८० टक्क्यांपर्यंत गेली. थ्री-एनओपीचा कॅनडाच्या अल्बर्टामध्ये फीडलॉटमधल्या १५ हजारांच्या आसपास जनावरांवर मोठा प्रयोग झाला, तिथेही घट स्पष्ट दिसली.

पण मग ऑस्ट्रेलियातच वाग्यू नावाच्या जपानी जातीच्या ४० जनावरांना बराच जास्त काळ, जवळपास ३०० दिवस, शेवाळाचा अर्क दिला तेव्हा घट निघाली २८ टक्के. ९८ कुठे आणि २८ कुठे. काही लोकांनी लगेच म्हटलं बघा, सगळं फसवं आहे. मला तसं वाटत नाही. डोस किती होता, शेवाळ किती दिवस साठवलं होतं (ब्रोमोफॉर्म उडून जातं), चारा कोणता होता, या सगळ्याने आकडा हलतो. वस्तू काम करते याबद्दल शंका नाही, बाहेरच्या जगात दरवेळी तेवढंच काम करेल याची खात्री नाही, एवढाच त्याचा अर्थ.

खरी अडचण पोटात नाही, पोटापर्यंत पोचण्यात आहे

माझं म्हणणं असं, की मिथेन किती टक्के कमी होतो यावर सगळे बोलतात पण ही पावडर रोज जनावराच्या तोंडात जाणार कशी यावर फार कमी बोललं जातं, आणि बीफच्या बाबतीत सगळं गाडं तिथेच अडतं.

दुधाची गाय बघा. ती रोज दोनदा दूध काढायला गोठ्यात येते, तिचा चारा मिक्सरमधून एकजीव होऊन समोर येतो, प्रत्येक घासात पावडर. आता बीफ जनावर. अमेरिका-कॅनडामधली पद्धत घ्या. वासरू कुरणात जन्मतं, सहा-आठ महिने आईबरोबर कुरणातच, नंतरही बराच काळ चरण्यावर, आणि शेवटचे चार-सहा महिने फक्त फीडलॉटमध्ये, जिथे गव्हाणीत धान्याचा खुराक मिळतो. आणि त्या वासराची आई? ती वर्षाला एक वासरू द्यायला आयुष्यभर कुरणातच असते, तीही रोज ढेकर देत असते, तिचाही मिथेन त्या मांसाच्याच खात्यावर.

पश्चिम कॅनडातल्या एका अभ्यासात हिशोब केला होता, बीफच्या एकूण उत्सर्जनात आई-वासरू टप्प्याचा वाटा ८० टक्के आणि फीडलॉटचा २०. म्हणजे फीडलॉटमध्ये तुम्ही ८० टक्के घट आणली तरी एकूण हिशोबात ती फार तर १६ टक्के दिसणार. आकडा खोटा नाही पण बातमीत वाचून जे वाटतं त्यापेक्षा हा बराच लहान आहे, आणि हे शेतकऱ्याला, ग्राहकाला, सगळ्यांना आधीच सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, नाहीतर पुढे विश्वास उडतो.

कुरणात दुसरी पंचाईत आहे. मघाशी म्हटलं ना, थ्री-एनओपी काही तासांत विरघळतं. चरणारं जनावर दिवसभर थोडं थोडं खातं, आणि सकाळी एकदाच गोळी मिळाली तर दुपारपर्यंत धुराडं पुन्हा मोकळं. शिवाय तिथे चारा तंतुमय, म्हणजे परिणाम मुळातच कमी. आणि शेकडो एकरांवर पसरलेल्या कळपातल्या प्रत्येकाला रोज बरोबर डोस कोण देणार? चाटण ठेवलं तर दांडगं जनावर दुप्पट चाटतं आणि भित्रं जवळच येत नाही.

तरी केब्रियाब यांच्याच टीमने मोंटानातल्या एका रँचवर प्रयत्न केला, २४ चरणारी जनावरं, १० आठवडे, शेवाळ घातलेल्या गोळ्या, कुठलीही जबरदस्ती नाही. घट निघाली ४० टक्क्यांच्या जवळपास. फीडलॉटच्या निम्मी, पण चरणाऱ्या जनावरांसाठी हा आकडा खरंच मोठा आहे आणि २०२४ ला तो आला तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे जमू शकेल.

पण हे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांना वेड्यात काढू नका, प्रश्न योग्यच आहे.

थ्री-एनओपीबद्दल "पुरुषांच्या प्रजननक्षमतेवर परिणाम" हे जे फिरत होतं ते हवेतून आलेलं नव्हतं. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे अन्न-औषध तपासणाऱ्या सरकारी संस्थेच्या, कागदपत्रात तशी सूचना आहे, पण ती शुद्ध पावडर हाताळणाऱ्या माणसासाठी, ग्लोव्हज आणि मास्क घाला म्हणून. दूध किंवा मांस खाणाऱ्यासाठी नाही, कारण पदार्थ कोटीपोटातच तुटतो. युरोपात २०२२ ला दुधाच्या गाईंसाठी मंजुरी मिळाली, कॅनडात जानेवारी २०२४ ला दूध आणि बीफ दोन्हींसाठी, अमेरिकेत मे २०२४ ला, पण त्या मंजुरीत फक्त दूध देणाऱ्या गाई. म्हणजे प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे तपासलंय.

जनावराच्या बाजूने विचार केला तर डोळे उघडे ठेवायला हवेत. डेन्मार्कने २०२५ मध्ये मोठ्या दूध फार्मना मिथेन कमी करणारा चारा सक्तीचा केला, त्यानंतर काही शेतकऱ्यांनी गाई कमी खातायत, आजारी पडतायत अशा तक्रारी केल्या आणि तिथल्या यंत्रणांनी चौकशी सुरू केली. जनावर रोज ज्याच्या डोळ्यासमोर असतं त्याचं म्हणणं ऐकून घ्यायलाच हवं.

शेवाळाचं गणित जरा वेगळं. ब्रोमोफॉर्म हे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता असलेल्या पदार्थांत अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने धरलंय. नेदरलँड्सच्या वाखेनिंगेन विद्यापीठात दुधाच्या गाईंच्या दुधात आणि लघवीत ते सापडलं, कोटीपोटाच्या अस्तरावरही बदल दिसले. गोऱ्ह्यांच्या मांसात मात्र किनलींच्या प्रयोगात अंश सापडला नाही. म्हणजे कमी डोसवर मांसाबद्दल चित्र बरं आहे, पण आयुष्यभर देण्याचा विषय असेल तर अजून काम हवं.

धुराडं बंद केलं तर धूर कुठे जातो?

सगळ्यात हुशार शंका हीच. काही हायड्रोजन तसाच ढेकरातून बाहेर जातो, ग्रीनफीडवर तो वाढलेला दिसतोही. काही प्रोपिओनेट नावाच्या आम्लात जातो आणि ते जनावराच्या कामाचं असतं. मग वाचलेल्या ऊर्जेतून वजन वाढायला हवं ना? कॅलिफोर्नियाच्या प्रयोगात कमी चाऱ्यात जवळपास तेवढंच वजन मिळालं, पण इतर बऱ्याच प्रयोगांत फरक नगण्य, आणि डोस जास्त झाला की जनावर खाणंच कमी करतं.

हे शेतकऱ्यासाठी फार महत्त्वाचं आहे. वजन वाढलं असतं तर कोणी सांगायची गरजच पडली नसती, सगळ्यांनी आपणहून घेतलं असतं. नाही वाढत, म्हणजे पावडरचा खर्च त्याचा आणि फायदा सगळ्या जगाचा. म्हणून कार्बन क्रेडिट (कमी केलेल्या उत्सर्जनाच्या बदल्यात मिळणारे पैसे), कंपन्यांनी पैसे देणं, किंवा डेन्मार्क २०३० पासून जनावरांच्या उत्सर्जनावर कर लावणार आहे तसं काहीतरी, यातलं काही असल्याशिवाय हे चालणार नाही. शेतकऱ्याच्या चांगुलपणावर सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

"गवतातला कार्बन गवतातच परत जातो, मग काय बिघडलं?"

अर्धं बरोबर. गवताने हवेतून घेतलेला कार्बनच गाय परत सोडते, कोळशासारखा जमिनीखालून नवा येत नाही. पण गवताने घेतला तो कार्बन डायऑक्साइड म्हणून आणि गाय परत देते मिथेन म्हणून, आणि मधली १२ वर्षं तो गोधडीचं काम करतो. कळप तेवढाच राहिला तर हवेतला त्याचा मिथेन वाढत नाही हेही खरं, पण म्हणूनच तो कमी केला तर हवा लवकर थंडावते.

"त्यापेक्षा मांसच कमी खा ना"

ज्याला जमेल त्याने जरूर. चाऱ्यातल्या पावडरने जंगलतोड थांबत नाही, शेणातून आणि खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड, हाही हवा तापवणारा वायूच, थांबत नाही, ती फक्त ढेकराचा भाग हाताळते, आणि बीफच्या एकूण उत्सर्जनात तो भाग निम्म्याच्या आसपास आहे. पण दीडशे कोटी जनावरं उद्या नाहीशी होणार नाहीत, आणि तेल-कोळसा सोडायचं काम याने टळतही नाही.

आता लक्ष कशाकडे ठेवायचं

कोटीपोटात बसून महिनोन्महिने हळूहळू औषध सोडणारी मोठी गोळी, म्हणजे बोलस, तिच्यावर काम चालू आहे, ती जमली तर कुरणाचा प्रश्न बराच सुटेल. मुळातच कमी मिथेन सोडणारी जनावरं निवडून पैदास करणं आहे, आर्कियाविरुद्ध लस बनवायचे प्रयत्न आहेत.

पण मला सगळ्यात जास्त आशा वाटते ती एका छोट्या प्रयोगाबद्दल. नुकत्याच जन्मलेल्या दुधाळ जातीच्या वासरांना पहिले १४ आठवडे थ्री-एनओपी दिलं आणि मग बंद केलं. कोटीपोटातली सूक्ष्मजीवांची वस्ती त्याच वयात बसत असते. जवळपास वर्षाची झाल्यावर पुन्हा मोजलं तेव्हा, कित्येक महिने काहीही न देता, ती वासरं इतरांपेक्षा साधारण १७ टक्के कमी मिथेन सोडत होती.